एक सूर खाली

मे महिन्यात, भर दुपारी, स्वतःच्या हाताने कूलर बंद करणारा माणूस अख्ख्या अमरावतीत एकच आहे आणि दुर्दैवाने तो माझा शेजारी आहे. नाव रामभाऊ गावंडे. पाटबंधारे खात्यात नकाशे काढता काढता निवृत्त झाले. दर रविवारी दुपारी ते जॅझच्या तबकड्या ऐकतात, म्हणजे आम्हाला ऐकवतात, आणि त्याआधी कूलर, पंखा आणि भिंतीवरचं घड्याळ बंद करतात. हो, घड्याळसुद्धा. "टिकटिक मंधात येते," म्हणतात. आम्ही घाम पुसत बसायचं. त्या पुसण्याचाही आवाज होता कामा नये.

मला हा माणूस आवडायचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. गावंडे मूळचे शेंदूरजनाघाटचे. संत्र्याची बाग भावाच्या गळ्यात घालून हे नोकरीला बाहेर पडले आणि कुठल्याशा बदलीत जॅझचं खूळ डोक्यात घेऊन आले. ज्यांच्यापुढे मिरवावं अशी माणसं इथे मिळाली नाहीत. तो सगळा राग त्यांनी आम्हा दोघांवर काढला.

दोघं म्हणजे मी आणि अकोल्याचे रशीदभाई. मी शाळेत भूगोल शिकवतो. शेजारी राहतो एवढीच माझी पात्रता. रशीदभाई मात्र जाणकार. चाळीस वर्षं त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं आणि अकोल्याच्या भंगारवाल्यांकडची पोती उपसून तबकड्या जमवल्या.

आमचा रिवाज असा. रोज सकाळी मोबाइलवर तिघांच्या ग्रुपमध्ये आपण काय ऐकलं ते लिहायचं, आणि रविवारी प्रत्येकाने एक तबकडी आणायची. ढंग कोणताही चालतो. निकाल गावंडे देतात, आणि तो बहुतेक एका शब्दाचा असतो: "कचरा." रशीदभाईंनी मोठ्या ताफ्याचं नाचरं स्विंग आणलं तर, "वरात तं निंगाली, नवरदेव कोठी हाय?" धावतं बीबॉप आणलं तर, "ह्याच्या मांगं कुत्रं लागलं काय?" मी एकदा भाचीने दिलेली, इलेक्ट्रिक गिटारवाली तबकडी नेली. ती त्यांनी पाकिटातून बाहेरही काढली नाही. नुसत्या चित्रावरूनच कचरा! स्वतः मात्र फ्री जॅझ लावतात आणि डोळे मिटून बसतात. चार माणसं चार खोल्यांतून भांडतायत असलं ते संगीत. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "मास्तर, तुमी आपल्या नद्या शिकवा. त्या तरी कोनाचं ऐकत नाईत."

वेगाच्या बाबतीत तर त्यांचं कडक सोवळं. तबकडीवर कागदाचा कपटा ठेवून ते मिनिटाचे फेरे मोजायचे. "एक फेरा इकडचा तिकडं झाला तं वाजवनाऱ्याचा अपमान हाय," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते मला झोपेतही म्हणता येईल.

म्हणूनच गेल्या महिन्यात मला जे सापडलं, त्याने मी हरखून गेलो. त्यांच्याकडे ऐकलेल्या एका तबकडीतली धून मी घरी मोबाइलवर सहज लावली, तर ती भराभर पळायला लागली. दुसरी लावली. तीच गत. गावंडेंचं मशीन हळू चालत होतं! सगळे सूर खाली उतरले होते, आणि जगाला कचरा म्हणणारा हा गृहस्थ महिनोन्महिने चुकीच्या वेगावर मान डोलवत होता. इतका आनंद मला स्वतःच्या बढतीचाही झाला नव्हता. येत्या रविवारी भर बैठकीत मोबाइल काढायचा आणि अजिबात भीड न ठेवता त्यांचा पाणउतारा करायचा, असं मी ठरवून टाकलं.

रशीदभाई अकोल्याहून एसटीने येतात. स्टँडवरून त्यांना स्कूटरवर आणायचं काम माझं. मांडीवर ट्रम्पेटची पेटी असतेच, कारण शेवटच्या तबकडीबरोबर ते स्वतः वाजवतात. आता तेवढंच वाजवतात. गेल्या वर्षी दात गेले, कवळी बसली, ओठांची पकड सुटली आणि वरचे सूर फाटायला लागले. बँडने त्यांना घरी बसवलं. रविवारची ती दहा मिनिटं सोडली तर पेटी उघडतच नाही.

वाटेत मी त्यांना माझा बेत सांगितला. त्यांनी स्कूटर थांबवायला लावली.

"मालूम हाय मले, सर," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी समजलं. मशीन पूरा एक सूर उतरली. चाळीस साल वाजवलं, एवढं नाई समजनार काय? पन बोलू नका. त्यायच्यापाशी कानाशिवाय दुसरं काय हाय? तोच गेला म्हनून सांगाल तं मानूस खचून जाईन." मग नजर दुसरीकडे करून म्हणाले, "आन् मतलब माझा बी हाय. मशीन उतरली म्हनून तं माझा सूर पोचते. सुधरली तं मी कोठी वाजवू?"

मी कबूल झालो, पण मनातून चडफडलो. हातातोंडाशी आलेला घास गेला होता.

घरी पोचल्यावर रशीदभाई कवळी नीट बसवायला मागच्या नळावर गेले. गावंडे आत चहा करत होते. निदान बिघाड कुठे आहे तो तरी पाहावा म्हणून मी मशीनवर वाकलो. वेग कमी-जास्त करायची दांडी खाली ओढलेली होती. ती हलू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी होती, आणि शेजारी पेन्सिलीची बारीक, नकाशावरच्यासारखी खूण.

"हात लावू नका, मास्तर."

गावंडे ट्रे घेऊन दारात उभे होते.

"म्हणजे हे तुम्ही मुद्दाम—"

"हळू बोला." ते जवळ आले. "कवळी बसल्यावर पहिल्या रविवारी त्याचा वरचा सूर फाटला. पेटी बंद करून बसला. आता येत नाई म्हने. मंग मी दर आठवड्याले केसभर केसभर उतरवत आनलं. त्याले समजलं नाई पायजे. समजायचा बी नाई म्हना, बँडवाल्याचाच कान तो!"

मी पुन्हा त्या चिकटपट्टीकडे पाहिलं. मग विचारलं, "पण बाकीचे सहा दिवस तरी तुम्ही नीट वेगावर ऐकत असाल ना?"

"दांडी हलवली का खूण असूनबी तेच ठिकान पुन्हा बरोब्बर सापडत नाई. तसंच ऐकतो."

"तुम्ही? आठवडाभर?"

"माझं काय घेऊन बसले?" गावंडे कप मांडत म्हणाले. "मी सारं ऐकलं हाय. त्याचं वाजवनं राह्यलं हाय अजून."

मला माझ्या मोबाइलची लाज वाटली. तो मी बंद करून टाकला.

रशीदभाई आले. शेवटची तबकडी लागली. ट्रम्पेट ओठाला लावण्याआधी त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं, गप्प राहा म्हणून. मशीनच्या मागून गावंडेंनीही तसंच दटावलं. सूर चढत चढत त्या अवघड जागेपाशी आला, थोडा थरथरला आणि लागला. रशीदभाईंनी तो दम संपेपर्यंत धरून ठेवला. त्यांनी ट्रम्पेट खाली घेतलं, तेव्हा कुठे गावंडेंनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला.