दहा हजार सात फरश्यांचा आयत

दिनांक १२ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी भांडारातली मोजणी संपली : फरश्या दहा हजार सात. मागवल्या होत्या दहा हजार. फुटतूट गृहीत धरून पुरवठादाराने सात जास्त धाडल्या आणि भांडारपालांनी त्या इमानेइतबारे जमा करून घेतल्या.

संचालकांची आज्ञा आधीच निघाली होती : संस्थेच्या मोकळ्या जागेत फरश्यांचा आयत घालावा, एकही कापू नये, एकही उरू नये. कनिष्ठ अभियंत्याला नोकरीत कायम करणाऱ्या कागदावर याच संचालकांची सही व्हायची होती. तो घाम पुसत दालनात शिरला.

"साहेब, दहा हजार सात ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही."

"प्रयत्न केलात?"

"शंभरापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं. त्यापुढे बघायची गरज नसते."

"गरज नसते! हाच तुमचा आळस. दीडशेने बघा, दोनशेने बघा. परवानगी लागत असेल तर मी देतो."

"साहेब, सात फरश्या बाजूला काढल्या तर—"

"बाजूला?" मोजणीची वही घेऊन मागोमाग आलेले भांडारपाल कळवळले. "जमा झालेला माल बाजूला? उद्या चौकशी लागली तर माझं निवृत्तिवेतन तुम्ही देणार का, राजे?"

संचालकांनी डोळे मिटून विचार केला. ही क्रिया त्यांना दमवीत असे.

"एकने भाग जातो म्हणालात ना?"

"जातो, पण—"

"मग घोडं पेंड कुठं खातंय?"

अशा रीतीने एक फरशी रुंद आणि दहा हजार सात फरश्या लांब असा आयत सिद्ध झाला. तो कार्यालयाच्या पायरीपासून निघून माळ ओलांडून थेट ओढ्यापर्यंत जाई. त्यावर दोन माणसे शेजारी चालू शकत नसत. म्हणून समोरून वरिष्ठ आल्यास कनिष्ठाने चिखलात उतरावे, असे परिपत्रक निघाले. गणिताने निर्माण केलेली अडचण प्रशासनाने सोडवली, याबद्दल संचालकांचे सर्वांनी अभिनंदन केले.

उद्घाटनाला संचालकांनी फीत कापली, सहीसाठी कागद मागवला आणि लेखणी उघडली.

"काम बघा कसं भक्कम झालंय!" असे म्हणत त्यांनी पहिल्या फरशीवर टाच आपटली. फरशीचे दोन तुकडे झाले.

भांडारपालांनी छातीला हात लावला.

"आता किती राहिल्या?" संचालकांनी विचारले.

"दहा हजार सहा," अभियंता पुटपुटला.

"याला दोनने भाग जातो?"

खोटे बोलणे त्याला शिकवलेले नव्हते. "जातो, साहेब."

"मग रस्ता दोन फरश्या रुंद होतो की! मी पहिल्यापासून काय सांगत होतो? उखडा सगळं." त्यांनी लेखणी बंद करून खिशाला लावली. "सहीचं काम पूर्ण झाल्यावर बघू."

नवी रुंदी : दोन फरश्या. नवी लांबी : पाच हजार तीन. कायम झालेले अभियंते : शून्य.