सशीण श्रीमंत झाली, पेज बंद झाली

एका जंगलात, बाळांनो, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एक सशीण श्रीमंत झाली.

तिला स्वतःला ते कळलं साडेसातला. तेव्हा ती बालवाडीपुढे पेजेच्या रांगेत उभी होती. हातात वाटी, कडेवर धाकटं, पदराला धरून बाकीची तीन.

सशिणीचं नाव हौसा. धाकट्याला सगळे बारक्या म्हणायचे, आणि तो होताही तसाच.

बालवाडी कलावतीताई चालवायच्या. त्या जातीच्या साळींदर, पण पोरांना कधी एक काटा टोचू दिला नाही. दर महिन्याच्या एक तारखेला त्या सगळ्या पिलांचं वजन करायच्या. वजनकाट्याशेजारी तक्ता टांगलेला. पिल्लू हिरव्या पट्टीत आलं तर आईनं निवांत झोपावं. पिवळ्या पट्टीत आलं तर झोपू नये. लाल पट्टीचं मी सांगत नाही, तुम्ही लहान आहात.

बारक्या पिवळ्यात होता. लाल पट्टी त्याच्या एक बोटभर खाली.

हौसाला चाऱ्यासाठी लांब जाता येत नव्हतं. वर आभाळात घार फिरायची, मग चार पिलं कुणाच्या भरवशावर टाकायची? बिळाच्या आसपासचं गवत तर कधीच संपलेलं. म्हणून सकाळची ती वाटीभर पेज. बारक्याचं काय व्हायचं ते त्या पेजेवर होतं.

त्या दिवशी कलावतीताईंनी हौसाची वाटी बघितली आणि डाव पातेल्यात तसाच ठेवला.

"हौसा, तुझं नाव कापून आलंय गं. तू श्रीमंत झालीस. सात दहाला यादी आली."

मागे उभ्या असलेल्या उंदरिणीनं लगेच पेढे मागितले. तिच्या मागची खार म्हणाली, तरीच म्हटलं, ही हल्ली बोलत का नाही. आदल्याच दिवशी हौसा तिच्याशी तासभर बोलली होती. पण श्रीमंतीची बातमी आली की मागचं बोलणं वजा होतं, बाळांनो.

हौसा पिलं घेऊन कचेरीत गेली.

कचेरीत घुबड बसायचं. जंगलाचं सगळं लिहिणं त्याच्याकडे, म्हणून त्याला भाऊसाहेब म्हणायचे. भाऊसाहेबांना दिवसा दिसत नसे आणि कचेरी दिवसाच उघडी असे. कारभार त्यामुळे अगदी निःपक्षपाती चालायचा.

भाऊसाहेबांनी नियम सांगितला. ज्याची मिळकत महिना पाचशे बोरांच्या आत, त्याच्या पिलांना पेज. हौसाचा नवरा जालिंदर हिमवनात कामाला. तिथे तो अस्वलांच्या गुहांपुढचा बर्फ लोटतो. पगार महिना तीस अक्रोड. एका अक्रोडाला सीमेवर ऐंशी बोरं मिळतात. तीस गुणिले ऐंशी, चोवीसशे. आणि जंगलातले सगळ्यांत मोठे आप्पा हत्ती, लाकडं ओढून त्यांना मिळतात दोन हजार.

"म्हणजे बाई, तुम्ही हत्तीपेक्षा मोठ्या झालात," भाऊसाहेब म्हणाले.

हौसानं स्वतःकडे खालवर बघितलं. ती होती तेवढीच होती.

तिनं सांगून बघितलं की ह्यांचे एकोणतीस अक्रोड तिकडेच संपतात. घरी येतो एक. त्याची ऐंशी बोरं, आणि खाणारी आम्ही पाच तोंडं. भाऊसाहेब म्हणाले, घरी येतात किती, हा रकाना कागदावर नाही. मिळवतात किती, हा आहे.

हौसानं नवऱ्याला फोन लावला. त्या जंगलात फोन पोचले होते. पाणी यायचं होतं.

जालिंदरला आधी आनंदच झाला. हत्तीपेक्षा श्रीमंत म्हटल्यावर कोणाला होणार नाही? त्यानं शेजारच्या दोघांना तिथल्या तिथे सांगूनही टाकलं. मग तिनं पेजेचं सांगितलं, तेव्हा तो एकेक खर्च बोलायला लागला. बिळात पडायच्या जागेचे अठरा अक्रोड. बीळ म्हणजे एक, ससे अकरा, पाळीपाळीनं झोपायचं. अंगावर घ्यायचं कातडं भाड्यानं, त्याचे चार. उरलेल्या सातांत महिनाभर खायचं. तिकडे गाजर इतकं महाग की गिऱ्हाईक आधी वास घेतं, मग विचार करतं आणि मग घरी जातं.

पुढचं त्यानं शेजारच्या दोघांना ऐकू जाणार नाही असं सांगितलं. हिमवनातही गरिबांना पेज मिळते. हा तिथल्या कचेरीत गेला होता. तिथे पांढरं घुबड. त्यानं विचारलं, गावी स्वतःचं बीळ आहे का? आहे. अंगण? आहे. ऊन येतं का? बारा महिने येतं, जालिंदर म्हणाला, नको इतकं येतं. पांढऱ्या घुबडानं लिहून घेतलं. उन्हाचं बीळ हिमवनात नऊशे अक्रोडांच्या खाली मिळत नाही. एवढ्या इस्टेटीचा मालक पेजेच्या रांगेत उभा राहतो, याची त्याला लाज वाटायला हवी होती.

तर बाळांनो, दोन जंगलांत एकाच वेळी श्रीमंत असलेलं असं हे एकच कुटुंब. दोन्हीकडे उपाशी.

पण हौसाला पाढे पाठ होते. पोरं उपाशी असली की आईला पाढे जास्तच आठवतात. दुसऱ्या दिवशी ती परत कचेरीत गेली.

"भाऊसाहेब, मिळकत तिकडच्या भावानं धरलीत, तर खर्चही तिकडच्याच भावानं धरा. एकाच कागदावर दोन जंगलं कशाला?"

भाऊसाहेबांनी डोळे मिटले. घुबडानं डोळे मिटले की ते विचार करतंय की झोपलंय, हे बाहेरून कळत नाही. मग म्हणाले, असा प्रश्न आजपर्यंत कुणी विचारला नव्हता. प्रश्न रास्त आहे. वर कळवतो.

रांगेत हौसाच्या मागे आप्पा हत्ती उभे होते. ते लाकडाच्या परवान्यासाठी आले होते. हत्तीचे कान किती मोठे असतात, तुम्हाला माहीत आहेच.

तिसऱ्या दिवशी कागदावर नवा रकाना आला. खर्च, हिमवनच्या भावानं. हौसाला कोण आनंद झाला. तिनं खाली बसून रकाना भरला. ह्यांचे एकोणतीस. पेज तिकडे अक्रोडाला एक वाटी, तर चार पिलं आणि महिन्याचे तीस दिवस, एकशेवीस. स्वतःचं खाणं तिनं धरलंच नाही, आया धरत नाहीत. एकूण एकशे एकोणपन्नास. मिळकत तीस. कमी पडतात एकशे एकोणीस. आता तरी पटेल, तिला वाटलं.

पटलं. भाऊसाहेबांनी तिचं नाव गरिबांच्या यादीत परत घातलं.

त्याच दिवशी आप्पांनीही तो रकाना भरला. त्यांची मिळकत दोन हजार बोरं, म्हणजे अक्रोड फक्त पंचवीस. खाणं रोज चाऱ्याच्या शंभर पेंढ्या. हिमवनात पेंढीला दोन अक्रोड. महिन्याचे सहा हजार. कमी पडतात पाच हजार नऊशे पंचाहत्तर.

भाऊसाहेबांनी हिशेब दोनदा तपासला. बरोबर होता. एवढं गरीब जनावर त्यांच्या नोकरीत त्यांनी बघितलं नव्हतं. त्यांनी स्वतः उठून आप्पांना पाणी दिलं.

आप्पांच्या डोळ्यांतून धार लागली. "मी इतका गरीब आहे, हे मला आजवर कुणी सांगितलंच नाही गं पोरी," ते हौसाला म्हणाले. "तू होतीस म्हणून कळलं."

मग सगळ्यांनीच रकाना भरला. गवा आला, रानरेडा आला, अस्वल आलं. यादी गरिबीप्रमाणे लागली. ज्याचं पोट मोठं, तो जास्त गरीब. पहिला नंबर आप्पांचा. हौसाचा नंबर सत्तावन्न. आप्पा तिच्यापेक्षा पन्नासपट गरीब होते, त्याला कोण काय करणार? सगळ्यांत श्रीमंत मुंगी निघाली. तिच्या घरी वर्गणी मागायला तीन मंडळं जाऊन आली.

सकाळी पेज शिजली. नंबराप्रमाणे आधी आप्पांचं पिल्लू आलं. त्यानं वाटी आणली नव्हती. त्यानं पातेल्यात सोंड घातली.

हौसाचा नंबर आला तेव्हा कलावतीताई तळाची खरवड खरवडत होत्या. तेवढी त्यांनी बारक्याच्या तोंडात घातली. असं रोज चाललं. उंदरीण आता पेढे मागत नव्हती. तिचा नंबर अठ्ठावन्न होता.

एक तारखेला वजन झालं. काटा लाल पट्टीला टेकला.

कलावतीताईंनी बारक्याला काट्यावरून उचललं. हौसानं त्याला कडेवर घेतलं. ती बाहेर आली आणि तिनं हिमवनात फोन लावला.

"अहो, ती श्रीमंती तिथंच ठेवा आणि घरी या."

बारा दिवसांनी जालिंदर आला. कातडं भाड्याचं होतं, ते तिकडेच परत द्यावं लागलं. आतून तोच आला, निम्मा झालेला. बारक्यानं त्याला ओळखलं नाही. मोठ्या तिघांनी ओळखलं, पण जरा वेळानं.

जंगलात त्याला सगळ्यांनी वेड्यात काढलं. चोवीसशे बोरं महिना सोडून कोण येतं? खार म्हणाली, बाई डोक्यावर बसली की असंच होतं. आप्पांनी तर जवळ बसवून समजावलं की बाळा, गरिबी फार वाईट, मी रोज भोगतोय.

जालिंदरनं ऐकून घेतलं आणि कामाला लागला. सकाळी तो पिलांपाशी बसायचा, एक डोळा घारीवर ठेवून. हौसा ओढ्यापलीकडे जायची. तिथे कोवळी हरळी होती, तोडाल तेवढी. दुपारी ती बसायची, तो जायचा. हौसाला दूध फुटलं. बारक्या आधी दूध प्यायला, मग हरळी चघळायला लागला, मग भावंडांची पळवायला लागला.

पुढच्या एक तारखेला काटा पिवळ्यात आला. त्याच्या पुढच्या तारखेला हिरव्यात.

हे भाऊसाहेबांच्या कानावर गेलं. ते काठी टेकत बालवाडीत आले. घरी मिळकत शून्य, पेज पोचत नाही, मग पिलाचं वजन वाढलं कसं? काहीतरी दडवलेलं उत्पन्न असणार, असा त्यांना वहीम होता. त्यांनी रिकामा कागद पुढे केला.

कलावतीताईंनी ओढ्याकडे बघितलं. पलीकडे हौसा पाठमोरी चरत होती. अलीकडे जालिंदर चार पिलांना पोटाखाली घेऊन आभाळाकडे बघत बसला होता.

"हवा मानवली असेल," कलावतीताई म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी तसं लिहून घेतलं. ऊन कडक होतं. त्यांना समोरचं काहीच दिसत नव्हतं.

तात्पर्य: मिळकत आपल्या भावानं सांगावी आणि खर्च परमुलखाच्या भावानं, म्हणजे हत्तीसुद्धा गरीब होतो. सशिणीसारखा सगळा कागद खरा भरू नये, पोरं उपाशी राहतात. आणि नवरा घरी बसून घारीवर लक्ष ठेवत असेल, तर त्याला बेकारच म्हणावं. त्याची किंमत कुणाला कळता कामा नये.

बाळांनो, ही गोष्ट आपापल्या आईला सांगा. तिला म्हणावं, पुढच्या आईला सांग, आणि तिनं तिच्या पुढचीला. हरळी ओढ्यापलीकडे आहे, तेवढं मात्र हळू आवाजात सांगा. भाऊसाहेबांना अजून तिचा भाव माहीत नाही.