चावणारी मडकी

ताडकळसचे सोपानमामा कुंभार रोज दाढी करतात, ती माणसांत जायचं म्हणून नाही; मडक्याला गाल लावायचा म्हणून. गेरूचा हात दिलेलं, अर्धवट वाळलेलं मडकं मांडीवर घ्यायचं, नदीतल्या गुळगुळीत गारगोटीनं घोटायचं आणि मधूनमधून त्यावर गाल टेकवायचा. जरा खरखर लागली की म्हणतात, "चावायलंय अजून."

मी परभणीत मडकी विकतो. हातगाड्यावरून दुकानापर्यंत आलोय, भल्याभल्यांना भावात वाकवलंय. पण मामी वारल्या आणि घोटाई मामांच्या हातात आली, तेव्हापासून दर आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर माझा टेम्पो यांच्या दारात रिकामा उभा असतो. आखितीला पितरांच्या नावानं पाण्याचं मडकं घरोघर लागतं. दुसऱ्या दिवशी त्याला कोण विचारतो?

आणि हे बूडसुद्धा घोटतात.

"मामा, बूड कोण बघतंय? ते तिवईवर बसणार."

"तिवईला कळतंय की."

"गिऱ्हाईक माझं हाय, तिवईचं न्हाई."

"मग भाचेसाहेब, गिऱ्हाईकालाच घोटायला बसवा."

मी आवाज चढवला की गारगोटी पुढं करतात. "घ्या. राग हितं लावा, चकाकी लय येती."

यंदा मडकी भाजायचा आवा रचायच्या दिवशी सकाळीच जाऊन बसलो. मामा घोटतायत, मी आधीचं घोटून वाळलेलं एकेक मडकं आव्यात नेऊन ठेवतोय. तेवढ्यात कोनाड्यात एक कच्चं मडकं दिसलं. एका अंगानं आरशासारखं, दुसऱ्या अंगानं खरबरीत. माझं डोकं फिरलं. म्हटलं, एवढं तरी जास्तीचं मिळू दे, आणि ते उचलून निघालो.

मामा हातातलं काम टाकून उठले. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"ते न्हाई."

"का? अर्धं तर झालंय."

"तुमच्या मामीचा हात हाय त्याला. आमच्यात घोटाई बायाच करत्यात, मी चाकावरचा माणूस. दवाखान्यात जायच्या सकाळी एवढं झालतं. म्हणली, उरलेलं आल्यावर करते."

मी मडकं धरून उभा. भाव करायची सवय जात नाही.

"मग तुमी करा की पुरं. आता बसलाय तुमचा हात."

"कुठं बसलाय? एवढी घोटली, तिच्यासारखं एकबी उतरंना. उतरलं की मग याला गारगोटी लावीन."

मी मडकं कोनाड्यात ठेवलं, चकाकती बाजू पुढं करून. मामा पुन्हा मांडी घालून बसले. मी बाहेर येऊन टेम्पोवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, घाई करू नको.