संकेतस्थळाचा मानपान

मजकूर वाचनीय होतो तो मांडणीमुळे, आणि मांडणी योग्य ठरते ती कोणी न रुसल्यामुळे. आळेफाट्याच्या अरफातने आयुष्यभर लग्नपत्रिका छापून हे तत्त्व सिद्ध केलं होतं. म्हणूनच आंबेगाव तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीने आपलं संकेतस्थळ विश्वासाने त्याच्यावर सोपवलं.

अरफातकडून सुरुवातीलाच एक चूक झाली. बिबट्या दिसल्यास वनखात्याला लावायचा नंबर त्याने सगळ्यात वर, ठळक टाकला. सरपंच भगवंतरावांना मनापासून वाईट वाटलं.

"अरफातभाई, नंबर काय रुसतोय व्हय? माणूस रुसतो. नंबर खाली घ्या."

मुद्दा बिनतोड होता. अरफात ओशाळला आणि मांडणी शास्त्रशुद्ध झाली. आधी प्रेरणास्थान, मग मार्गदर्शक, आजी-माजी सदस्य, सोसायटीचे संचालक, पाहुणे मंडळी (मुंबईकर वेगळे) आणि शेवटी चिमुकल्यांची किलबिल. (पंचायतीला किलबिल कशाला, असं एका सदस्याने विचारलं. त्याच्या नातवाचं नाव पहिलं आहे हे दाखवताच तो शांत झाला.) किलबिलीच्या खाली नंबर.

संकेतस्थळ कमालीचं वाचनीय निघालं. प्रत्येक जण आपल्या नावापर्यंत वाची आणि समाधानाने बंद करी.

एका सकाळी साळुबाईच्या गोठ्यात बिबट्या शिरला. आत तिची गाभण शेळी होती. दाराची कडी तुटकी, म्हणून साळुबाईने दार बाहेरून दोन्ही हातांनी ओढून धरलं आणि सुनेला हाक मारली, "हर्षाले, नंबर काढ!"

हर्षाली मोबाइलवर बोट सरकवू लागली. "भगवंतराव आलं... सोसायटी आली..."

"खाली जा की!"

"चाललीय, पण लई नावं हायेत. आत्या, आपल्या ऋषीचं नाव हाय किलबिलीत!"

"कुठंय? बघू," म्हणत साळुबाईने एक हात सोडला.

बिबट्या शेळी घेऊन उसात गेला. साळुबाई दारातच बसली आणि लेकरू गेल्यासारखी रडली.

पंचायतीने तातडीने दखल घेतली. संकेतस्थळावर शेळीसाठी शोकसंदेश झळकला, खाली शोकाकुलांची नावं मानाप्रमाणे. जागा करण्यासाठी नंबर आणखी खाली गेला. दोन तक्रारी आल्या, दोन्ही शोकाकुलांत नाव राहून गेल्याच्या. अरफातने माफी मागून त्याच दिवशी दुरुस्ती केली.

तुम्ही हसू नका. भावकीतली परवाची पत्रिका तुमच्याही घरी आली होती, आणि लग्न कोणाचं आहे हे तुम्ही स्वतःचं नाव सापडल्यावरच पाहिलंत.