रो हाऊस नऊमधली खुडूक

मुरबाडला घर घेताना किशोरने किचन पाहिलं नाही, पाण्याची टाकी पाहिली नाही. तो थेट मागचं दार उघडून परसात गेला, बारा बाय आठ फुटांची मोकळी माती बघितली आणि म्हणाला, "घेतलं." त्याची बायको भाविका तेव्हा बाथरूममध्ये नळ सोडून बघत होती.

त्या मातीत किशोरला कोंबड्या दिसत होत्या. गावी, वैशाखऱ्याला, त्याचं लहानपण कोंबड्यांच्या मागे पळण्यात गेलं होतं, आणि आता एमआयडीसीत मशीन चालवताना त्याच्या डोक्यात तेवढ्याच होत्या. अडचण एकच. चावीबरोबर सोसायटीची एक निळी पुस्तिका मिळाली होती, आणि तिच्यातला नियम तेवीस म्हणत होता : 'कोणत्याही सदस्याने आपल्या घरात अथवा परसात कोंबड्या पाळू नयेत.' कुत्र्यांबद्दल पुस्तिका गप्प होती. बकरीचा उल्लेखही नव्हता.

"बिल्डरला कोंबडीनं चोच मारलीय कधीतरी," किशोर म्हणाला.

"नियम हाय तो हाय," भाविका म्हणाली. "तुमी बकरी आणा हवी तर."

किशोर चार महिने नुसता माती बघत बसला. मग एका रविवारी तो गावी गेला, तर बाईजा आत्याची तांबडी कोंबडी खुडूक झालेली. म्हणजे अंडी घालायची बंद करून, अंग फुगवून, कशावर तरी बसायला आसुसलेली. आत्याकडे अंडी भरपूर, पण आत्या आठवड्याने लेकीकडे निघालेली. "तूच ने रे बसवायला," ती म्हणाली. "पिल्लं निघाली का कोंबडी परत आण. दोन पिल्लं माझी."

गावात ही पद्धत जुनी. एकाची खुडूक दुसरा आणून अंड्यांवर बसवतो, आणि त्याने कोंबडी पाळली असं कुणीही म्हणत नाही. किशोरने मनात हिशेब मांडला. कोंबडी पाळली आत्याने. तो फक्त बसवणार. नियम तेवीसला धक्कासुद्धा लागत नव्हता. एसटीत तो पिशवी मांडीवर घेऊन असा बसला, की जणू कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं होतं.

सोसायटीच्या गेटवर लखमा वॉचमनने पिशवीकडे पाहिलं. पिशवीनेही त्याच्याकडे पाहिलं.

"खुडूक दिसतंय," लखमा म्हणाला.

"बसवायला आणलीय. पाळायला नाय."

"मंग ठीक हाय. अंडी किती?"

"अकरा."

"तेरा मावतील हिच्याखाली," असं म्हणून लखमाने गेट उघडलं.

परसात टोपली मांडली, पेंढा घातला, अकरा अंडी ठेवली. कोंबडी त्यांच्यावर बसली आणि किशोर कोंबडीसमोर बसला. भाविका दोनदा जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा तिने ताटच मागच्या पायरीवर आणून आदळलं.

दुसऱ्या दिवशी घोटाळा झाला. खुडूक दिवसातून एकदा उठते, खाते, धुळीत लोळते आणि परत बसते. या कोंबडीला लोळायला भिंतीपलीकडचा, शेजारच्या दहा नंबरमधला मेथीचा वाफा आवडला. दहा नंबरमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी राहत होते. सुदामभाऊ, निवृत्त ग्रामसेवक. ठराव लिहिण्यात एकतीस वर्षं घालवलेला माणूस. निळी पुस्तिका हातात धरूनच ते कोंबडीच्या मागोमाग आले.

"किशोर, नियम तेवीस."

"भाऊ, मी पाळली नाय. बसवलीय. पाळली आत्यानं."

"ते तुझ्या आत्याला सांग. टोपली उचल, नायतर मी उचलतो."

सुदामभाऊ वाकले. कोंबडीने पिसं फुलवून घशातून एक आवाज काढला. सुदामभाऊंचा हात टोपलीपाशी थांबला. त्यांचा जन्म खर्डीकडच्या गावातला. बसलेली कोंबडी हलवायची नाही, हे त्यांना बाराखडीच्या आधी शिकवलेलं.

"कवा बसवलीस?" त्यांनी हळू विचारलं.

"काल."

"म्हंजे अजून वीस दिवस," ते म्हणाले. त्यांनी पुस्तिकेची पानं पुढेमागे चाळली. शेवटी त्यांना मार्ग सापडला. "मी सभा लावतो. सभेला चौदा दिवसांची नोटीस लागते. तोवर हिला कोणी हात लावायचा नाय. तूसुद्धा."

नोटीस फळ्यावर लागली : 'विषय – रो हाऊस नऊमधील कोंबडी.' तोवर कोंबडीची बातमी बाकी कुणालाच नव्हती. संध्याकाळपर्यंत सोसायटीतली चौदाही घरं किशोरच्या परसात होती.

ही सगळी घरं आजूबाजूच्या गावांतून आलेली. घराचा हप्ता, मुलांची शाळा, पार्किंग यांत बिचाऱ्यांनी दोन-दोन वर्षं कोंबडी जवळून बघितली नव्हती. किशोर कार्यक्रमाचा अध्यक्ष असल्यासारखा टोपलीशेजारी उभा राहून माहिती सांगत होता. बाईजाबाईंची तांबडी, वय दीड वर्ष, स्वभाव करारी. तीन नंबरच्या हिराबाई म्हणाल्या, "माझी पण चार ठेव ना रे हिच्याखाली."

"नाय गो मावशी. आता ठेवलेली मागं राहतील. पयली निघाली का ही उठून जाईल."

"मंग दुसरी खुडूक बसव."

किशोरने भाविकाकडे पाहिलंच नाही. दुसरी आली हिराबाईंच्या माहेरून, तिसरी सरळगावहून, चौथी कुठून आली ते कुणी सांगेना. सगळ्या बसवलेल्या. पाळलेली एकही नाही. अंड्यांवर कोळशाने घरांचे नंबर टाकले होते. कल्याणहून आलेली प्रियांका दुकानातली सहा अंडी ट्रेसकट घेऊन आली, तेव्हा लखमाने ती उजेडात धरली आणि दुःखाने परत दिली.

"ताई, ह्या अंड्यांना बाप नाय."

किशोरला झोपेतही हसू येत होतं. भाविकाने कपड्यांची दोरी दोनदा सरकवली, एकदा उंच बांधली. "माझ्या घरात मीच पावनी झालेय," ती म्हणाली. "थोडेच दिवस गो," किशोर म्हणाला आणि तांदळाची कणी घेऊन बाहेर पळाला.

सतराव्या दिवशी सभा भरली. सुदामभाऊंनी नियम तेवीस मोठ्याने वाचला.

"नियमच बदला," हिराबाई म्हणाल्या.

"बदलायचा तर कागद वर पाठवावा लागतो. सहा महिने कुठं गेले नायत."

 एकवीस दिवस असतात कोंबडीला, सहा महिने नसतात.  चार दिवस उरले होते, आणि आतून टकटक ऐकू येईल या आशेने किशोर सकाळीच अंड्याला कान लावून आला होता.

सुदामभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पण मी काल नियम परत वाचला. त्यात लिवलंय, कोणत्याही सदस्यानं पाळू नये. सोसायटीनं पाळू नये असं नाय लिवलं. सोसायटी पाळू शकते. फक्त त्यासाठी परस..."

"सूचक मी, भाऊ," किशोर उठून उभा राहिला.

"ऐकून तरी घे पुढचं."

"ऐकायचं काय त्यात? द्या इकडं."

त्याने ठरावाच्या कागदावर सही केली तेव्हा भाविका खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेतून त्याच्याकडे यायला निघाली होती. ती पोचेपर्यंत टाळ्या वाजत होत्या. तिने कागद ओढून वाचला. 'परस सदस्याचे नसावे, या कारणास्तव रो हाऊस नऊचे परस चारही कोंबड्यांसह सोसायटीच्या ताब्यात घेण्यात येत आहे. सूचक – किशोर. अनुमोदक – सर्व.'

"वाचलंत का?" तिने विचारलं.

"पाळू शकतो गो आता," किशोरचे डोळे भरून आले होते.

"आपण नाय. ते."

दुसऱ्या दिवशी दहा नंबरच्या बाजूने भिंत फोडून सोसायटीसाठी वाट झाली. मेथीच्या वाफ्याचा त्याग सुदामभाऊंनी स्वतः केला. किशोरच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप लागलं, कारण दार वाजलं की कोंबड्या दचकतात. किचनच्या खिडकीवर गोणपाट आलं, कारण फोडणीचा ठसका त्यांना सोसत नाही. बघायची वेळ पाच ते सहा ठरली. किशोरची शिफ्ट साडेसहाला सुटत होती.

एकविसाव्या दिवशी त्याने रजा टाकली. पण पिल्लं निघायच्या दिवशी गर्दी नको, म्हणून समितीने प्रवेश बंद ठेवला होता. लखमा तेवढा आत, मोबाइल धरून. सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ कॉल लागला. किशोर ओट्याला टेकून, बंद दारापासून दोन हातांवर, स्क्रीनमध्ये नाक घालून उभा राहिला.

अंड्याला तडा गेला. चिवचिव आधी भिंतीतून ऐकू आली, मग दोन सेकंदांनी मोबाइलमधून.

"निघालं का?" भाविकाने विचारलं. हातात ओले कपडे होते, वाळत घालायला जागा नव्हती, तरी तीही स्क्रीनकडे वाकली.

"थांब गो," किशोर कुजबुजला. "तिकडं जन्मलंय. इकडं जन्मतंय अजून."