विलायतेतला श्रावण

माणसाच्या अंगी निदान एक सद्गुण असावा, याबद्दल सर्व धर्मांचे एकमत आहे. एकाहून अधिक असू नयेत, याबद्दल घरच्यांचे.

हेमचंद्र कारखानीस यांच्या अंगी नेमका एक होता. ते श्रावण पाळत. मासे नाहीत, मटण नाही, बिअरचा थेंब नाही. बोटीवर इंजिनिअर असताना पाळला, आणि सिंगापूरच्या बंदरात खुर्चीची नोकरी मिळून बिशानच्या फ्लॅटमध्ये स्थिरावल्यावरही पाळला. सलग बावीस वर्षे. (उरलेल्या अकरा महिन्यांचा तपशील उपलब्ध आहे, पण त्याला मागणी नाही.) आपल्यात दुसरे काही धड नाही हे त्यांना स्वतःलाच मान्य होते, म्हणून या एका गोष्टीला ते फार जपत.

त्यांचे स्वप्नही एकच होते. चार दिवस इंग्लंडात जायचे, दिवसा कौंटी क्रिकेट पाहायचे आणि संध्याकाळी त्याच गावातल्या बिअर महोत्सवात बसायचे. कौंटी क्रिकेट हा अत्यंत सुसंस्कृत खेळ आहे. प्रेक्षक सरासरी एक्केचाळीस (पैकी जागे एकोणीस), आणि शेवटी बहुधा कोणीच जिंकत नाही, त्यामुळे कोणाचे मन दुखावत नाही.

१९९३ साली योग जुळला. रजा मंजूर झाली, बारा ऑगस्टची तिकिटे आली, महोत्सवाच्या तंबूत पस्तीस प्रकारच्या बिअर असल्याचे पत्रकही आले. ते वाचून स्मिताबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान उलटले.

"अहो, बारा ऑगस्टला श्रावण आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पण जा की. नुसतं बघायला काय हरकत आहे?"

प्रश्न अधिकारक्षेत्राचा होता. हेमचंद्रांनी रीतसर टिपण तयार केले. कॅलेंडर मुंबईच्या सूर्योदयाप्रमाणे छापलेले असते, त्याची अंमलबजावणी लंडनला कोणी करायची याचा खुलासा कुठेही नाही. बिअर जवाची असते आणि जव हे धान्य आहे. शिवाय पाइंट हे माप शास्त्रात आढळत नाही, त्यामुळे ते निषिद्ध असल्याचेही आढळत नाही.

"पपा, इंग्लंडमध्ये नो श्रावण, लाह," तेरा वर्षांच्या वल्लरीने सिंगापुरी ढंगात निकाल दिला. बेडोक उपनगरातले प्रबोध हे मराठी मंडळाचे सेक्रेटरी, घरात पंचांग असल्यामुळे धर्माचे जाणकार. त्यांनीही दुजोरा दिला. "अरे, तिथे ऑगस्ट असतो. श्रावण आपल्याकडे."

तरी मन खाऊ लागले, तेव्हा हेमचंद्रांनी मिरजेला फोन लावला.

"आई, विलायतेत श्रावण असतो का गं?"

"पाऊस पडतो का तिथे?"

"पडतो की."

"मग असतो."

वरिष्ठांच्या निकालावर अपील चालत नाही. हेमचंद्र तसेच गेले. पाऊस पडला. चार दिवसांत एकूण सव्वीस चेंडू टाकले गेले, त्यातले नऊ त्यांनी जागेपणी पाहिले. मग मैदानाजवळ कोरडी जागा एकच उरली, ती म्हणजे बिअरचा तंबू. तिथे ते चार दिवस बसले, पस्तीस पिंपांसमोर, चहा घेऊन. शेजारचा एक म्हातारा इंग्रज रोज ग्लास पुढे करी आणि हे पोटाचे कारण सांगत. तिसऱ्या संध्याकाळी त्यांना खरोखर रडू आले. डोळे पुसून त्यांनी आणखी एक चहा मागवला.

परतल्यावर मंडळाच्या बैठकीत गणपतीच्या वर्गणीआधी हाच विषय निघाला.

"मग, कशी होती?" प्रबोधांनी विचारले.

"घेतली नाही. श्रावण होता."

सगळे पोट धरून हसले. प्रबोधांनी डोळा मारला. "बरोबर आहे. वहिनींसमोर असंच सांगायचं."

घरी येताना MRTच्या गाडीत स्मिताबाई शेजारी बसल्या होत्या. बिशान स्टेशन आल्यावर म्हणाल्या, "मी काही रागावणार नाही. मला तरी खरं सांगा."

हेमचंद्रांनी बायकोकडे पाहिले. बावीस वर्षांत इतके एकटे त्यांना कधी वाटले नव्हते.

"दोन पाइंट," ते म्हणाले.

"मला वाटलंच," असे म्हणून स्मिताबाईंनी निःश्वास टाकला, आणि त्या रात्री दोघांचे जेवण हसतखेळत झाले.

वाचकहो, तंबूत काय घडले ते तुम्ही वर स्वतः वाचले आहे. तरीही त्यांनी निदान अर्धा पाइंट घेतलाच असणार, असे तुम्हाला आतून वाटतेच आहे. तुमचा श्रावण कसा जातो, हे आम्ही विचारलेले नाही.