अंगात लोखंड हाय का?

कचरूमामा माणसाला आधी नाव विचारत नसत. "अंगात लोखंड हाय का?" हाच त्यांचा रामराम. चहावालासुद्धा सुटला नव्हता.

उस्मानपुऱ्यातल्या एमआरआय सेंटरमध्ये मी काउंटरवर फॉर्म भरून घ्यायची. मशीनच्या दाराशी स्टुलावर मामा बसत, चेहरा कायम मयतीहून आल्यासारखा. मूळचे सोयगावकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. तरुणपणी चिकलठाण्याच्या कारखान्यात लेथवर लोखंड कापायचे.

आतलं मशीन म्हणजे भलंमोठं लोहचुंबक, चोवीस तास जागं. मामा घड्याळ, किल्ल्या, करदोटा सगळं काढायला लावत. एका रिटायर साहेबांची कवळी काढायला लावली, तर साहेब बोळक्या तोंडानं भांडले. मामांना अक्षर कळलं नाही. एका आजीच्या कपड्यांतून सात सेफ्टी पिना निघाल्या. मामांनी तिला आठवीसाठी परत पाठवलं. आठवीही सापडली.

"ईसरलो म्हणू नका. मशीन ईसरत नाय."

विद्यापीठाचं नामांतर होऊन चार-पाच वर्षं झाली होती. एके दिवशी सोपानराव नावाचे गृहस्थ कंबरेच्या तपासणीला आले. सोबत कंपनीत नोकरीला असलेला मुलगा. त्यानंच फॉर्म भरला, सगळीकडं 'नाही'.

मामांनी सोपानरावांचं वय बघून विचारलं, "अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत कुठं व्हता?"

"त्याचा इथं काय संबंध?" मुलगा भडकला.

सोपानराव जमिनीकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मांडीत छर्रा हाय. काढायचा राहून गेला."

"आण्णा, कधी बोलला नाहीत!"

"तू लहान व्हतास. नंतर काय सांगायचं?"

स्कॅन थांबवला. आधी एक्स-रे काढायचं ठरलं. मुलानं बापाच्या खांद्याखाली हात घातला आणि दोघं पायरी-पायरीनं उतरून गेले.

"मामा, मोठं काम केलंत," मी म्हणाले.

"माझ्या बी डोळ्यात लेथचा कण हाय, ताई. म्हणून डाक्टरसाहेबांनी दाराबाहेरच बसायचं सांगितलंय." मामांनी दाराकडं बघितलं. "आमच्या मंडळीचा मेंदूचा फोटो हितंच काढला. ती लई भ्यायली. म्हणली, आत या, नुस्ता पाय धरून उभं ऱ्हा. दुसऱ्या बायांचे नवरे जात व्हते आत. मला कसं जाता येईल?"

"मग?"

"साहेबांनी माईक दिला. मशीन मधीमधी थांबायचं, तेवढ्यात बोलायचं. काय बोलावं? लग्नाला तीस वर्षं झाली, पर सुचंना. मग गावच्या रस्त्याचे थांबेच सांगत गेलो. फुलंब्री आली. सिल्लोड आलं. गोळेगाव. अजिंठा. ती हालली नाय, गप पडून ऱ्हायली."

मी हातातला फॉर्म बाजूला ठेवला.

"भाईर आल्यावर म्हणली, अजिंठ्याच्या पुढं का नाय गेलात? म्हणलं, मशीन बंद झालं. आता पोळ्याला खरंच घिऊन जातो." मामांनी बाहीनं तोंड पुसलं. "पोळ्याच्या आधीच गेली."

बाकावर पुढची बाई एकटीच बसली होती, पदराचं टोक चावत. मामा उठले, स्टूल तिच्याजवळ ओढलं आणि बसले.

"बाई, गाव कोणतं तुमचं?"